खापराची साक्ष



हीरक महोत्सवाच्या मंगल प्रसंगी मुख्याध्यापिकेने मद्यकुंभांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु हे कुंभ सापडले ते नेवाशात, जेथे पुढे ज्ञानेश्वरी अवतरली त्या प्रवरातीरी.

१९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया व डेक्कन कॉलेजातील त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे उत्खनन केले. त्यात दोन मुठींच्या परदेशी कुंभांची खापरे मिळाली. रोमन लोक अशा कुंभांतून द्राक्षमद्य गलबतांवर चढवीत. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील काही खापरांत काळी ज्वालामुखीची वाळू दिसली. ती इटलीतील व्हेसूव्हियसच्या परिसरातील होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथही भडोच बंदरात उतरणाऱ्या इटालियन मद्याचा आणि तेथवर गाड्यांनी येणाऱ्या पैठण व तेरच्या मालाचा उल्लेख करतो. चुनखडीच्या खाणींशेजारी वाढलेल्या आपल्या नंदिनीच्या मुलांना हे सहज पटते, की दगडमाती आपले गाव विसरत नाही.

असे खापर सापडले की तेथे रोमन मद्य आले होते, असे मी अनेक वर्षे वर्गात शिकवीत आले. परंतु २००७ साली रॉबर्टा टॉम्बर या संशोधिकेने दाखवून दिले, की भारतात रोमन म्हणून नोंदलेली पुष्कळ खापरे वस्तुतः मेसोपोटेमियातील कुंभांची आहेत. त्या कुंभांना मुठी नसतात आणि आतून डांबराचा लेप असतो. रोमन मद्यकुंभांना पाइन वृक्षाच्या राळेचा. नेवाशाची इटालियन खापरे खरी ठरली, पण माझे सरसकट विधान टिकले नाही.

हे वाचल्यावर मी वर्गात जाऊन सांगितले, “मुलांनो, मी शिकवलेले चुकीचे होते.” वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. मग एका मुलीने विचारले, “बाई, मग पुस्तकही चुकू शकते?” “हो,” मी म्हणाले, “म्हणून तर खापर पुन्हा हाती घेऊन पाहायचे.”

त्या दिवशी माझा मान कमी झाला नाही. उलट मुले अधिक प्रश्न विचारू लागली. पालकहो, साठ वर्षांच्या या शाळेच्या वतीने आपणांस एवढीच विनंती आहे. घरी मुलाने आपली चूक दाखवली, तर त्याला गप्प करू नका. त्याचा पुरावा पाहा.