मोहाखालचा विज्ञानाचा तास



मार्च सरत आला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या शाळांची हजेरी रोडावते. मुलं घरच्यांबरोबर पहाटेच मोहफुलं वेचायला गेलेली असतात. हजेरीपटावर त्यांचा खाडा पडतो. मला मात्र वाटतं, त्या दिवसांत शिक्षकांनीच वर्ग मोहाखाली न्यावा.

खाली पडलेलं एक फूल उचलून पाहा. पिवळसर पांढरं, जाड, रसाळ. पण हे अख्खं फूल नव्हेच. जुळलेल्या पाकळ्या आणि त्यांना आतून चिकटलेले पुंकेसर, एवढंच गळतं. स्त्रीकेसर वर फांदीवरच राहतो. रात्री गोडव्यासाठी आलेली वटवाघळं परागीभवन करून गेलेली असतात. म्हणून तर टोपलीभर फुलं वेचली तरी पुढे झाडाला फळ धरतं आणि त्यातल्या बियांचं, म्हणजे टोळंबीचं, तेल निघतं. फुलाचे भाग शिकवायला जास्वंदच कशाला हवी?

आता झाडाखालची जमीन. फुलं नीट दिसावीत म्हणून पुष्कळ ठिकाणी पाचोळा पेटवतात, आणि वारा सुटला की तीच आग जंगलात शिरते. मुलांना दोन झाडं दाखवा. एकाखालचा पाला जाळलेला, दुसऱ्याखालचा नुसता झाडून काढलेला. दोन्हीकडची सारखीच माती तोलून उन्हात वाळवायची, पुन्हा तोलायची. ओल कुठे जास्त होती ते तराजूच सांगेल. पावसाळ्यात तिथे रोपटी मोजायची.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. विषय आला, पण बहुतेक ठिकाणी चित्रं चिकटवलेल्या प्रकल्पवहीत अडकला. याचं मला फार वाईट वाटतं. कारण गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने शाळेबाहेर वेगळी वाट दाखवली आहे. तिथे गावकऱ्यांचे अभ्यासगट आधी जंगलाचा अभ्यास करतात, मग ग्रामसभा निर्णय घेते. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

एक गोष्ट मात्र तातडीची. मोहफुलं रात्री आणि पहाटे गळतात. वाघाच्या फिरण्याचीही तीच वेळ. वाकून वेचणारं माणूस त्याला भक्ष्यासारखं दिसू शकतं. म्हणून वाघांचा वावर असलेल्या ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या शिक्षकांनी प्राण्यांच्या वर्तनाचा पाठ फेब्रुवारीतच घ्यावा, हंगाम लागायच्या आधी, आणि त्या दिवशी पालकांनाही वर्गात बसवावं.