देवघरातलं काडतूस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी गडमुडशिंगीचा. सैन्यात आर्मरर होतो, म्हणजे बंदुकांची दुरुस्ती आणि देखभाल हे माझं काम. निवृत्त होऊन गावी आलो त्याला बरीच वर्षं झाली, पण गावानं काही मला निवृत्त होऊ दिलेलं नाही. कुणी जुनं घर पाडून स्लॅब टाकायला काढलं की माळ्यावरून काहीबाही निघतं. मग माणसं ते रुमालात गुंडाळून माझ्याकडं येतात. "काका, हे काय हाय बघा की." रुमालात काडतूस असलं की आधी मी त्यांच्यावर ओरडतो आणि मग बघतो. ओरडायचं कारण पुढं येईलच.

यात एक गंमत आहे. आमच्या भागात जुनं काहीही सापडलं की ते वळिवड्याच्या पोलंडवाल्यांचं ठरतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ या काळात, वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती हे खरं. पण तिथं होती ती बहुतेक बायका-मुलं. ती काडतुसं घेऊन कशाला येतील? आणि पोलंडवाल्यांचं नसलं, तर मग ते सत्तावन्नच्या बंडातलं!

दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीला शेजारच्या आळीतल्या एका आजींनी मला बोलावलं. त्यांच्या देवघरात एक पितळी काडतूस आहे, पणजोबांपासून चालत आलेलं. दर दसऱ्याला त्याला चिंच लावून घासायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. आजींची तक्रार एवढीच होती की वरचा भाग सोन्यासारखा निघतो, पण बूड काही केल्या चकाकत नाही, दरवर्षी तांबूसच. त्यांचा नातू गोकुळ शिरगावला लेथवर काम करतो. तो म्हणाला, "काका, मी याला ड्रिल मारून भोक पाडणार हाय. गळ्यात घालायला लॉकेट करतो."

मी बूड बघितलं आणि हात मागं घेतला. ते पितळ नव्हतंच, लोखंडाची चकती होती. वरची पुंगळीही एकसंध नव्हती. पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली, तिरकी शिवण डोळ्याला दिसत होती. एके ठिकाणी शिवण जरा सुटलेली. खाली ताम्हनात काळे बारीक कण पडलेले. आजी म्हणाल्या, "ते व्हय? ते काजळीचं असंल, नाहीतर बुक्का." मी आधी निरांजन विझवलं. मग सगळ्यांना बाहेर सोप्यात बसवलं.

तो बुक्का नव्हता. ती काळी दारू होती. शोरा, गंधक आणि कोळसा. या दारूचा एक गुण असा की ती कोरडी राहिली तर शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही पेट घेते. ओली झाली तरी निर्धास्त होऊ नये, वाळली की पुन्हा पेटू शकते. बुडातल्या टोपीतलं स्फोटक तर घर्षणानं आणि ठोक्यानंच उडायला केलेलं असतं. आजी दरवर्षी नेमकं तेच बूड चिंचेनं खसाखसा घासत होत्या, आणि वीतभर अंतरावर निरांजन.

आता काडतूस ओळखायचं कसं, ते सांगतो. ते बायबलमधल्या वंशावळीसारखं कंटाळवाणं होऊ नये म्हणून थोडक्यात. सत्तावन्न साली शिपायांचं काडतूस धातूचं नव्हतंच मुळी. एन्फिल्ड रायफलीचं काडतूस कागदाचं होतं. आत दारू आणि शिशाची गोळी, वरून चरबी. ते दातानं फाडून दारू नळीच्या तोंडातून ओतायची आणि गजानं गोळी ठासायची. त्या चरबीवरून काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्या कोल्हापुरातही ३१ जुलै १८५७ च्या रात्री २७ वी पलटण उठली. पुढं चिमासाहेबांना कराचीला नेऊन ठेवलं. पण त्या वेळची पुडी देवघरात दीडशे वर्षं टिकणं कठीण, आणि टिकली तरी तिला चिंच लावून घासता येणार नाही.

धातूची पुंगळी आली ती १८६६ सालच्या स्नायडर रायफलीबरोबर. जुन्या एन्फिल्डचाच मागचा भाग कापून तिला मागून भरायची सोय केली होती. वूलिचच्या शाही प्रयोगशाळेतले कर्नल बॉक्सर यांनी तिच्यासाठी गुंडाळलेल्या पत्र्याचं काडतूस बनवलं. नळीचं भोक ०.५७७ इंच, म्हणजे साधारण पावणेपंधरा मिलिमीटर. १८७१ साली मार्टिनी-हेन्री आली, तिचं भोक ०.४५ इंच. मार्टिनीची पुंगळी म्हणजे स्नायडरचीच लांब करून मान आवळलेली, बाटलीसारखी. त्यामुळं दोन्हींच्या बुडाची कड जवळजवळ सारखीच, १९ मिलिमीटर. नुसतं बूड मोजून फसायला होतं, मान बघावी लागते. आजींच्या काडतुसाला मान होती. शिशाच्या गोळीभोवती गुंडाळलेल्या कागदाचा तुकडाही मानेशी शिल्लक होता. मार्टिनी, शंकाच नाही. त्यात दारू ८५ ग्रेन, म्हणजे साडेपाच ग्रॅम. गोळी ३१ ग्रॅमची.

या गुंडाळलेल्या पत्र्यानं सैनिकांना फार छळलं. नळी तापली की पुंगळी आतच चिकटायची, ओढताना बूड हातात यायचं. जानेवारी १८८५ मध्ये सुदानात अबू क्लियाच्या लढाईत याचा मोठा बोभाटा झाला, आणि मग एकसंध पितळी पुंगळी आली. पुढं १८८८ ची ली-मेटफर्ड आली, तिचं काडतूस ०.३०३ इंचाचं. आपण थ्री-नॉट-थ्री म्हणतो ते. त्यातही सुरुवातीला काळी दारूच होती, बिनधुराची कॉर्डाइट १८९१ पासून. बुडावर अक्षरं असली तर काम सोपं. आर आणि एल म्हणजे वूलिच, के आणि एफ म्हणजे आपल्या पुण्याजवळचा खडकीचा कारखाना. तो १८६९ पासूनचा आणि आजही चालू आहे. गुंडाळलेल्या पत्र्याच्या काडतुसावर मात्र बहुधा काहीच लिहिलेलं नसतं.

अजून एक सांगायला हवं. सत्तावन्ननंतर इंग्रजांनी ठरवूनच हिंदी शिपायाला गोऱ्यापेक्षा एक पिढी मागची बंदूक दिली. २७ जुलै १८८० ला मैवंदच्या लढाईत ६६ व्या गोऱ्या पलटणीकडं मार्टिनी होती. तिच्याच बाजूला उभ्या असलेल्या मुंबई ग्रेनेडिअर्स आणि ३० व्या मुंबई पलटणीकडं स्नायडर. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळू लागली तेव्हा कुठं आपल्या शिपायांच्या हातात मार्टिनी सर्रास दिसू लागली.

हे सगळं मी सोप्यात बसून आजींना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे आमचा म्हातारा बंडात नव्हता?" मी म्हटलं, आजी, काडतूस एवढंच सांगतं की ते १८७१ च्या आधीचं नाही. म्हातारा कुठं होता ते काडतुसाला कसं कळणार? पण पलटणीत होता हे मात्र खरं असणार. मार्टिनीचं काडतूस काही बाजारात भाजीबरोबर मिळत नव्हतं. त्या गप्प बसल्या. घराण्याची एक गोष्ट मी काढून घेतली होती आणि दिलेली गोष्ट तेवढी मोठी नव्हती.

नातू मात्र वेगळंच विचारत होता. "काका, यातली दारू काढून दुसरी भरता येत नाही का? मग उडवून बघू." हे मला पहिल्यांदा कुणी विचारलेलं नाही. एका वाड्यातल्या गृहस्थांनी भिंतीवरची मार्टिनी लग्नात उडवायची म्हणून मला काडतुसं भरून मागितली होती. परदेशात हौशी लोक हे करतात. चोवीस बोअरच्या पितळी पुंगळीची मान आवळून मार्टिनीचं काडतूस बनवतात, तिकडं त्याचे साचेही मिळतात. पण तेसुद्धा सव्वाशे वर्षांची पुंगळी वापरत नाहीत. जुनं पितळ आतून ठिसूळ झालेलं असतं. टोपीतला पारा त्याला खातो, आणि काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून उरलंसुरलं गंजवते. काळ्या दारूच्या बंदुकीत कुणी आजची बिनधुराची दारू घातली, तर मागचा भाग तोंडावरच येतो. आपल्याकडं तर प्रश्नच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं काडतूस बाळगायलाही परवाना लागतो आणि बनवायला वेगळा. जुनी, कशानंही दुरुस्त न होणारी बंदूक भिंतीवर ठेवायला कायदा सवलत देतो. जिवंत काडतुसाला मात्र कितीही जुनं असलं तरी ती सवलत नाही.

नातवाला हे पटलं नाही. मग मी त्याला डावा हात दाखवला. तर्जनीचं पुढचं पेर नाही. लोकांना वाटतं लढाईत गेलं. मी अकरा वर्षांचा होतो, ओढ्याकाठी थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस सापडलं, आणि मी दगडावर ठेवून बुडात खिळा ठोकला. गोळी उडून लांब गेली नाही, तिथंच पडली. बंदुकीच्या नळीबाहेर गोळी जागची फारशी हलत नाही, पुंगळी फुटते आणि पितळेच्या कपच्या उडतात. वडिलांनी आधी दवाखाना केला आणि मग मला मारलं. पुढं मी तोच धंदा धरला याचं आईला शेवटपर्यंत आश्चर्य वाटायचं. पोरगं हाताकडं बघत राहिलं. लॉकेटचा विषय तिथं संपला.

खरी अडचण त्यानंतरची. "पोलिसात कळवलं तर केस होईल", घरातली कर्ती माणसं म्हणू लागली. सुनेनं सुचवलं, विहिरीत टाकू. विहिरीत टाकलेलं गाळ काढताना कुणाच्या तरी पायाखाली येतं. कुणी म्हणालं, नेऊन देतो मोटारसायकलवरून. त्यालाही मी नाही म्हटलं. ज्याची शिवण सुटली आहे ते काडतूस खिशात घालून खड्ड्यातनं कशाला न्यायचं? माझ्याकडं रुमालात बांधून आणणाऱ्यांवर मी ओरडतो ते याचसाठी. आहे तिथंच ठेवायचं, आग आणि पोरं लांब ठेवायची, आणि ११२ ला फोन करायचा. फोन मी केला. आपणहून कळवलंय, वडिलोपार्जित आहे, हे स्पष्ट सांगितलं. माणसं आली, पंचनामा केला, जबाब घेतला, काडतूस घेऊन गेली. केस झाली नाही. पण ती माणसं येईपर्यंतचे दोन तास घरात कुणी चहासुद्धा घेतला नाही.

नेण्याआधी हात न लावता मी फोटो काढून ठेवले होते. मापं तर मला पाठच आहेत. पंधरा दिवसांनी नातू कागद-पेन्सिल घेऊन आला. बुडाची कड किती, मानेला उतार कुठून, गोळीचं टोक किती गोल, सगळं विचारून घेतलं. भरीव पितळेच्या दांडक्यातून त्यानं लेथवर तसंच काडतूस काढलं. आत पोकळी नाही, दारू नाही. शिवणीची तिरकी रेघही त्यानं नुसत्या ओरखड्यानं दाखवली.

गेल्या खंडेनवमीला मी दर्शनाला गेलो. नवं काडतूस जुन्याच जागी होतं, वर झेंडू. आजींना विचारलं, काय, आता बूड चकाकतं ना? त्या म्हणाल्या, "चकाकतंय. पर हलकं वाटतंय बाबा." वजनानं ते जुन्यापेक्षा चांगलंच जड आहे. मी काही बोललो नाही.