घाट उतरताना

मी एका शाळेत ३० वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. आज तुमच्याशी बोलणार आहे ते ‘कार्य आणि ऊर्जा’ या शाळेतल्या धड्याबद्दल. दचकू नका, प्रश्न विचारणार नाही!

ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही, तिचं फक्त रूपांतर होतं. हा नियम आपण सगळ्यांनीच कधीकाळी पाठ केलेला असतो. मीही वर्षानुवर्षं तो फळ्यावर लिहिला, खाली सूत्र लिहिलं, दोन गणितं सोडवून घेतली आणि घंटा झाली की बाहेर पडलो. १९९४ साली मात्र एका मुलानं मला अडवलं. त्याचे वडील बोरघाटातून ट्रक चालवत. तो म्हणाला, “सर, आमचे बाबा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करतात. डिझेल वाचतं. म्हणजे ऊर्जाच वाचली ना?”

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण मी स्वतःही त्याच घाटात स्कूटर बंद करून खाली सोडत असे. पेट्रोलचे चार पैसे वाचल्याचा केवढा आनंद व्हायचा! “उद्या सांगतो,” एवढंच मी म्हणालो, आणि रात्री वही घेऊन बसलो.

खंडाळ्याहून खोपोलीला येताना रस्ता उंचीनं साधारण ५०० मीटर खाली उतरतो. मालासकट १६ टनांचा ट्रक धरला. वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला. उत्तर आलं पावणेआठ कोटी ज्यूलच्या वर. आकडा मोठा, पण त्यानं डोळ्यांपुढे चित्र उभं राहीना. म्हणून दुसरा हिशेब मांडला. एवढ्या ऊर्जेत नळाचं साधारण २५० लिटर पाणी उकळीला येईल. आणि ही ऊर्जा वाटेत कुठेच खर्च झाली नाही, तर पायथ्याशी ट्रकचा वेग ताशी ३५० किलोमीटर होईल!

तसा तो होत नाही, कारण ही ऊर्जा कुठेतरी जात असते. थोडी हवेच्या विरोधात जाते, थोडी टायरांत. उरलेली कोण घेणार? गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर चाकांना इंजिन फिरवावं लागतं. इंजिन हवा ओढतं, दाबतं, बाहेर टाकतं आणि या खटाटोपात गाडीला मागे खेचून धरतं. गाडी न्यूट्रल केली की हा मदतनीस निघून जातो. सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकची लायनिंग घासून तापतात, आणि फार तापली की त्यांची पकड सुटते. पाय पूर्ण दाबलेला असतो, गाडी मात्र थांबत नाही. इंजिनच बंद केलं असेल, तर एअर ब्रेकसाठी हवेचा दाबही पुन्हा भरला जात नाही.

त्यात वेगाचं गणित वेगळंच. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. सपाट कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगानं जाणारी मोटार, ब्रेक लागल्यावर साधारण १२ मीटरांत थांबत असेल, तर तीच ८० च्या वेगाला जवळजवळ ५० मीटर घेते. उतारावर त्याहूनही जास्त.

दुसऱ्या दिवशी हे सगळं वर्गात सांगितलं. त्या शनिवारी मुलाचे वडील शाळेत आले. मला वाटलं, रागावले असतील. ते म्हणाले, “सर, खाली उतरल्यावर मी ब्रेकच्या ड्रमवर पाण्याचे चार थेंब टाकून बघतो. चर्र होतं. तुमचं उकळतं पाणी ते हेच का?” मी म्हटलं, हेच. मग ते जरा थांबून म्हणाले, “आमचे उस्ताद सांगायचे, ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर. पण का, ते कुणी सांगितलं नव्हतं.”

श्रोतेहो, त्यांना चर्र आवाज ठाऊक होता, मला सूत्र ठाऊक होतं. दोघांच्या मध्ये घाट होता, आणि त्या घाटात मीही इंजिन बंद करून उतरत होतो.

रेल्वेनं हे फार पूर्वी ओळखलं. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याचा चढ ३७ ला १ इतका तीव्र. उतरणारी गाडी ताब्यात राहिली नाही, तर तिला वळवायला चढणीचे वेगळे रूळ ठेवतात. गाडी तो चढ चढते आणि तिची गतिज ऊर्जा पुन्हा उंचीत जमा होते. आजची विजेची इंजिनं तर उतारावर वीज तयार करून तारेत परत पाठवतात.

आणि डिझेल-पेट्रोल वाचण्याचं म्हणाल, तर आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतारावर असताना, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं इंधन लागतच राहतं. म्हणजे ती बचतही खरी नाही.

पुढच्या प्रत्येक वर्षी मी हा धडा त्या मुलाच्या प्रश्नापासूनच सुरू केला. तुमच्या घरी कुणी घाटातून गाडी नेत असेल, तर आज जेवताना त्यांना एवढंच विचारा, “उतरताना गिअर कुठला असतो?”