लाईट गेली की पंखा का रडतो?

आधी एक आवाज ऐका. हेडफोन असतील तर लावा.

(इथे वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे. आधी छताच्या पंख्याचा साधा वारा, मग ‘टक्’, आणि मग जाड गुणगुण.)

ते ‘टक्’ म्हणजे लाईट गेली आणि इन्व्हर्टर चालू झाला. त्यानंतर जी गुणगुण ऐकू येते, ती त्याच पंख्याची. पाती तीच, खोली तीच. रेकॉर्डिंग आमच्या पेडगावच्या घरातलं आहे. पेडगाव म्हणजे परभणी जिल्ह्यातलं, मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवरचं. वेड पांघरून लोक ज्या पेडगावला जातात ते श्रीगोंद्याकडचं, बहादूरगडाचं. आमच्याकडे शहाणी माणसं येतात, असा आमचा दावा आहे.

तर हा पंखा आजीच्या खोलीतला. मे महिन्यात परभणीची रात्र कशी असते ते तिकडच्यांना सांगायला नको. पंखा बंद करता येत नाही आणि चालू ठेवला तर झोप येत नाही. त्याच खोलीत माझा चुलतभाऊ बारावीचा अभ्यास करतो. पंख्याची बेरिंग दोनदा बदलून झाली होती, आता ‘वाइंडिंगच नवीन भरा, नाहीतर पंखा बदला’ असा सल्ला मिळाला होता. आजी फोनवर म्हणाली, “बाळा, लाईट गेली की पंखं रडायलंय बघ.”

मी विचारलं, “आणि लाईट असल्यावर?”

“असल्यावर बी रडतंय, पण दोनवर ठेवलं तर. पाचवर नाही रडत. पाचवर मला थंडी वाजती.”

मी पुण्यात मोटर चालवणाऱ्या चिपसाठी कोड लिहितो. आमच्याकडे असा बिघाड शोधायला हजारो रुपयांची यंत्रं असतात. आजीने दोन वाक्यांत जे सांगितलं, त्यात सगळं निदान होतं. खराब बेरिंगला काय कळतं, वीज महावितरणची आहे की बॅटरीची? ती दोन्हीकडे सारखीच खरखरणार. आवाज जर वीज बदलली की बदलत असेल, तर तो विजेतून येतोय.

हे तुम्हालाही घरी तपासता येतं, एक रुपया खर्च न करता. पंखा आवाज करत असताना बटण बंद करा. पाती लगेच थांबत नाहीत, बराच वेळ फिरत राहतात. त्या फिरण्यात आवाज चालूच राहिला तर बेरिंग, पातं, नाहीतर ढिला स्क्रू बघा. पण बटण दाबताक्षणी आवाज गप्प झाला आणि पाती मात्र फिरतायत, तर बेरिंग निर्दोष आहे. दोष वाइंडिंगमधून जाणाऱ्या करंटचा. आमच्या घरी बटण दाबलं की त्याच क्षणी शांत व्हायचं.

आता हे होतं कसं? पंख्याच्या पोटात तांब्याच्या तारेची वाइंडिंग असते, ती लोखंडी पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर बसवलेली. करंट गेला की लोखंडाचं चुंबक होतं आणि ओढ निर्माण होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा लाट वर जाते आणि ५० वेळा खाली. पण चुंबक उत्तर असो की दक्षिण, लोखंडाला ओढतंच. त्यामुळे एका लाटेत दोनदा ओढ, सेकंदाला १०० वेळा. लोखंड १०० वेळा किंचित, डोळ्यांना कधीच दिसणार नाही इतकं, आकसतं आणि सुटतं. १०० हर्ट्झची ही मंद गुंग प्रत्येक पंख्यात, प्रत्येक फ्रिजमध्ये, गावाच्या डीपीत असते. कान तिच्याकडे दुर्लक्ष करतो, कारण इतक्या खालच्या स्वराला आपला कान तसा बधिर असतो.

गोष्ट बिघडते ती लाटेचा आकार बिघडल्यावर. महावितरणची लाट गोल असते, झोक्यासारखी, सावकाश वर आणि सावकाश खाली. आमचा जुना इन्व्हर्टर चौकोनी लाट देतो. एकदम वर, तिथेच थांब, एकदम खाली. गणिताच्या भाषेत चौकोनी लाट म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या गोल लाटेत १५० हर्ट्झची एक तृतीयांश, २५० ची एक पंचमांश, ३५० ची एक सप्तमांश अशा लाटा मिसळलेल्या. पंख्याला कामाची फक्त पहिली. बाकीच्या वाऱ्यात काही भर घालत नाहीत, लोखंडाला मात्र धक्के देतात आणि वाइंडिंग तापवतात. हे धक्के २००, ३००, ४०० हर्ट्झवर येतात आणि तिथे कान चांगलाच जागा असतो. वर आमच्या त्या खोलीला पत्रे आहेत. पंखा लोखंडी अँगलला टांगलेला, अँगल पत्र्याला जोडलेला. म्हणजे मोटर छोटी, पण स्पीकर दहा बाय बाराचा.

आणि ‘दोनवर ठेवलं की रडतंय’ याचं काय? तेही तेच. जुने मोठे ठोकळ्यासारखे रेग्युलेटर आठवतात का, हात लावला तर चटका बसायचा? ते वीज जाळून वेग कमी करायचे, पण लाट गोलच ठेवायचे. म्हणून पंखा गप्प असायचा. नंतर छोटे, फिरवायच्या नॉबचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आले. त्यातला ट्रायॅक प्रत्येक लाटेचा पुढचा तुकडा कापून टाकतो. वेग जितका कमी, तितकी काप मोठी. कापलेल्या लाटेला धार असते आणि त्या धारेचा आवाज होतो. पूर्ण वेगावर जवळजवळ अख्खी लाट जाते, म्हणून पाचवर पंखा रडत नाही.

आमच्याकडे पहिला उपाय म्हणून फक्त रेग्युलेटर बदलला. टप्प्याटप्प्याने ‘कट-कट’ फिरणारा, आत कपॅसिटर असलेला. तो लाट कापत नाही, पंख्याला मिळणारा व्होल्टेज कमी करतो आणि आकार बराचसा गोल राखतो. इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही दुकानात ‘स्टेप रेग्युलेटर’ म्हणून मिळतो. लाईट असताना दोनवरची गुणगुण गेली. वाइंडिंगला कोणी हात लावला नाही.

इन्व्हर्टरवरची मात्र राहिली. तिथे दोन वाटा होत्या. गोल लाट देणारा, ज्याला दुकानात ‘प्युअर साइन वेव्ह’ म्हणतात तो इन्व्हर्टर घ्यायचा, नाहीतर त्या खोलीपुरता बीएलडीसी पंखा. आम्ही पंखा घेतला, आणि इथून पुढे माझ्या आवडीचा भाग सुरू होतो.

बीएलडीसी पंख्यात फिरणाऱ्या भागावर कायमचे चुंबक असतात आणि वाइंडिंग तीन असतात. बाहेरून येणारी वीज आधी सरळ, म्हणजे डीसी केली जाते. बाहेरची लाट गोल होती, चौकोनी होती की कापलेली, ती तिथेच संपते. मग पंख्यातली चिप स्वतः ठरवते, कोणत्या वाइंडिंगला कुठल्या क्षणी किती करंट द्यायचा. म्हणून हा पंखा चौकोनी इन्व्हर्टरवर गुणगुणत नाही. (आणि म्हणूनच त्याला जुना रेग्युलेटर जोडायचा नसतो. वेग रिमोटने बदला.) भारतात हे पंखे घरोघरी नेण्यात आयआयटी मुंबईत शिकलेल्या मनोज मीना आणि सिबब्रत दास यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या अ‍ॅटमबर्गचा मोठा वाटा आहे. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, त्यांचा पंखा २८. जाहिरात वीजबिलाची होते, ते ठीकच आहे. पण लोडशेडिंगच्या गावात त्याचा अर्थ वेगळा. तेवढ्याच बॅटरीवर पंखा अडीचपटीहून जास्त वेळ चालतो.

पण थांबा. बीएलडीसी म्हणजे आपोआप शांत, असं अजिबात नाही. करंटचा आकार आता कोड ठरवतो आणि कोड आळशी असू शकतो. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे सहा पायऱ्यांची. तीनपैकी दोन वाइंडिंग चालू, एक बंद. मग पुढची जोडी. असं सहा वेळा. प्रत्येक बदलाला पंख्याला बारीक हिसका बसतो. समजा चुंबकाच्या चार जोड्या आहेत, तर एका फेरीत २४ हिसके. मिनिटाला ३५० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला १४०. झाली परत गुणगुण! ती ऐकून लोक म्हणतात, ‘बीएलडीसी पंखे आवाज करतात बुवा.’

चांगला कोड तिन्ही वाइंडिंगला गोल करंट देतो, एकमेकांपासून १२० अंशांवर. एक उतरत असतो तेव्हा दुसरा चढत असतो आणि ढकलणं सलग होतं. हे करायला चिप दर सेकंदाला हजारो वेळा करंट मोजते, चुंबक नेमका कुठे आहे याचा अंदाज घेते आणि चूक भरून काढते. यामागचं गणित जुनं आहे. एडिथ क्लार्क या अमेरिकन इंजिनिअर बाईंच्या सूत्रांनी तीन वाइंडिंगचे करंट दोन आकड्यांत बसवता येतात. रॉबर्ट पार्क यांच्या १९२९ च्या पेपरातली कल्पना अशी की आपणही फिरणाऱ्या भागावर बसून बघायचं. रहाटपाळण्यात बसल्यावर शेजारचा पाळणा जसा जागच्या जागी दिसतो, तसा तिथून तो वळवळणारा करंट स्थिर आकडा दिसतो. स्थिर आकडा सांभाळणं कोडला सोपं. ही सूत्रं वीजनिर्मितीच्या अवाढव्य यंत्रांसाठी वापरली जायची, आज ती आजीच्या पंख्यातली छोटीशी चिप रात्रभर सोडवत बसते. मला याचं अजूनही नवल वाटतं.

आता एक अशी मोटर सांगतो जिच्यात चुंबकच नाही. स्विच्ड रिलक्टन्स. नुसतं लोखंड आणि तांबं, म्हणून स्वस्त आणि दणकट, पण आवाजाला कुप्रसिद्ध. तिच्यात वाइंडिंग लोखंडाला इतकं जोरात ओढते की बाहेरचं कवच क्षणभर लंबगोल होतं, आणि करंट एकदम तोडला की देवळातल्या घंटेसारखं थरथरत राहतं. १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये पोलॉक आणि वू यांनी यावर दाखवलेला उपाय मला फार आवडतो. करंट एकदम तोडायचाच नाही, दोन टप्प्यांत तोडायचा. पहिल्या टप्प्याने कवच थरथरायला लागतं. ते अर्धी थरथर पूर्ण करेपर्यंत थांबायचं आणि मग दुसरा टप्पा. दुसऱ्याची थरथर पहिलीच्या बरोबर उलटी पडते आणि दोघी एकमेकींना खातात. समजा कवच २००० हर्ट्झवर वाजतं, तर एक थरथर ५०० मायक्रोसेकंदांची आणि थांबायचं २५० मायक्रोसेकंद. कवच जाड केलं नाही, रबर लावलं नाही. फक्त वेळ बदलली.

यात फुकट मात्र काही नाही. चिप करंटला आकार देते ती वीज भराभर चालू-बंद करून. हे चालू-बंद सेकंदाला आठ-दहा हजार वेळा असेल तर बारीक शिट्टी ऐकू येते, विशेषतः तुमच्यासारख्या तरुण कानांना. वीस हजारांच्या वर नेलं तर माणसाला ऐकू येत नाही, पण प्रत्येक चालू-बंदला थोडी उष्णता होते, चिप तापते. मुंबईच्या लोकलमध्ये २००७ पासून आलेल्या सीमेन्सच्या गाड्या सुटताना जो चढत जाणारा सूर काढतात, तोही याच चालू-बंदचा. जपानमध्ये केइक्यू कंपनीच्या एका गाडीत तर सीमेन्सच्या इंजिनिअरांनी तो सूर मुद्दाम सरगमीत बसवला होता. आवाज घालवता येत नाही, मग गोड तरी करा!

एक गोष्ट शेतकरी घरातल्या श्रोत्यांसाठी. विहिरीवरची थ्री फेज मोटर चालू करताना नुसती हुंकारली आणि फिरली नाही, तर तो आवाज घालवायच्या मागे लागू नका. आधी बंद करा. एक फेज गेलेला असतो, आणि उरलेल्या दोन फेजवर मोटर जागेवर जोर लावत बसते. थोड्याच वेळात वाइंडिंग जळते आणि रिवाइंडिंगचा खर्च ऐन पाण्याच्या दिवसांत. आमच्याकडे जुनी माणसं बांधावरून ऐकून सांगतात, “फेज गेलाय, बंद कर.” बोअरमधली मोटर खोल असते, ती ऐकू येत नाही, तिथे स्टार्टरमध्ये फेज तपासणारं संरक्षण हवंच. सौर पंपाचा कंट्रोलर वाइंडिंगचा करंट स्वतः मोजत असतो, त्यामुळे असा बिघाड त्याला कळू शकतो आणि तो मोटर थांबवू शकतो.

आता तुमचं काम. फोनवर ‘स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर’ शोधा, फुकट अ‍ॅप मिळतात. फोन पंख्याखाली धरा, पण वाऱ्याच्या झोतात नको, नाहीतर माइकमध्ये नुसता वाराच भरेल. आधी पाचवर बघा, मग दोनवर, जमलं तर इन्व्हर्टरवर. १००, २००, ३०० ला उभ्या रेषा दिसतील. दोनवर गेल्यावर ३०० च्या पुढच्या रेषा उंच झाल्या तर तुमचा रेग्युलेटर लाट कापणारा आहे. स्क्रीनशॉट पाठवा, सोबत रेग्युलेटर नॉबचा आहे की स्टेपचा आणि छत स्लॅबचं आहे की पत्र्याचं, तेवढं लिहा. पत्रेवाल्यांचे मी आधी बघणार आहे.