दुखत नाही, मग दाखवू कशाला?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या कार्यक्रमात बी विंगमधील दंतवैद्य रहिवासी यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. प्रश्न रहिवाशांनी आधी चिठ्ठ्या टाकून विचारले होते.)



पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो तेव्हा लिफ्ट सुरू झाली नव्हती, पाणी टँकरचं होतं आणि मी नुकती कुठे बीडीएस झाले होते. तेव्हापासून जिन्यात, आरतीला, भाजीच्या गाडीवर तुम्ही मला गाठून "डॉक्टर, एक मिनिट बघता का?" म्हणत आला आहात. एकदा तर जनरल बॉडीत मेंटेनन्सवाढीवरून चांगली जुंपलेली असताना शेजारी बसलेल्या काकांनी आ करून मला दाढ दाखवली होती. त्यामुळे सेक्रेटरींनी भाषण करा म्हटलं तेव्हा मी म्हटलं, भाषण नको, लोकांना चिठ्ठ्या टाकू द्या. मेंटेनन्सचे चेक टाकायची पेटी आहे ना ऑफिसबाहेर, तीच वापरली. एकेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यातल्या दोन पार्किंगबद्दल होत्या, त्या मी कमिटीकडे दिल्या आहेत.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या एकाच प्रश्नाच्या आहेत. दात साफ करून घेतले, म्हणजे ते क्लीनिंग केलं, की दात हलायला लागतात का? एका वहिनींनी लिहिलंय, "माझ्या सासूबाईंचे दात क्लीनिंगनंतरच गेले."

नीट सांगते. आपण ब्रश केला तरी दातांवर एक चिकट थर बसत राहतो. तो निघाला नाही तर थुंकीतल्या क्षारांनी कडक होतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. हे एकदा धरलं की ब्रशने निघत नाही. ते हिरडीच्या कडेला आणि मग हिरडीच्या खाली सरकतं. तिथे सूज येते आणि हळूहळू दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं आणि यात दुखत काही नाही. दात आतून मोकळा झालेला असतो, पण कीटणाचा गिलावा त्याला शेजारच्या दाताशी जोडून ठेवतो. आम्ही तो गिलावा काढला की फट दिसते, दात हलतो, थंड पाणी लागतं. आणि नाव होतं क्लीनिंगचं.

आपल्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं तेव्हा आठवतंय ना? जिन्याखालच्या कॉलमचं प्लास्टर काढलं आणि आत गंजलेली सळई निघाली. तेव्हाही कोणीतरी म्हणालंच होतं, चांगला होता कॉलम, यांनीच फोडून ठेवला. सासूबाईंच्या दातांचं बहुतेक तसंच झालं असणार. त्या आल्या तेव्हाच हाड गेलेलं असणार. क्लीनिंगनंतर चार-सहा दिवस दात आंबल्यासारखे वाटतात, ते खरं आहे. ते आपोआप जातं.

याच्याच जोडीचा प्रश्न, "ब्रश करताना रक्त येतं, म्हणून त्या बाजूला ब्रश करत नाही. बरोबर आहे का?" नाही हो, अगदी उलटं! रक्त येतं कारण तिथे घाण साठून हिरडी सुजली आहे. तिथे मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेला तिरका धरून, जास्त काळजीने घासायचं. आठ-दहा दिवसांत रक्त कमी झालं नाही तर दाखवायचं. आणि ज्यांना डायबेटिस आहे त्यांनी तर दाखवायचंच. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं जड जातं. आपल्याकडे सकाळी गेटपासून मंदिरापर्यंत फेऱ्या मारणारा एवढा मोठा ग्रुप आहे, शुगरचे आकडे एकमेकांना सांगत चालता तुम्ही. त्यात हिरड्यांची चौकशीही करत जा.

वरची दाढ काढली की डोळा जातो का? नाही. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. पुढे.

"दातातली कीड दिसते का?" हे एका लहान मुलाने विचारलंय, अक्षरावरून वाटतंय. बाळा, दातात अळी नसते. माझ्या लहानपणी गावाला रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दाताचे किडे पाडायचे आणि आम्ही डोळे फाडून बघायचो. पण कीड म्हणजे खरं तर खड्डा. तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थ खातात, आम्ल तयार करतात, त्या आम्लाने दाताचं वरचं कवच विरघळतं. प्रत्येक खाण्यानंतर थुंकीला ते आम्ल निवळायला अर्धा तास तरी लागतो. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे महत्त्वाचं. जेवणात दोन पुरणपोळ्या खा, माझं काही म्हणणं नाही. पण दिवसभर दर तासाला चहा-बिस्किट, खिशात गोळी, रात्री झोपताना बाळाच्या तोंडात दुधाची बाटली, याने दात जातात.

आता यातली मेख ऐका. दाताच्या वरच्या कवचाला नसच नसते. कीड तिथे आहे तोवर काही कळत नाही. आत गेली की गोड, थंड लागायला लागतं. आणि थेट मधल्या नसेपर्यंत पोचली की रात्री दोन वाजता असा ठणका लागतो की माणूस भिंतीला डोकं लावून बसतो. म्हणजे दुखतं तेव्हा पहिला, दुसरा आणि तिसरा अंक संपलेला असतो. पहिल्या अंकात आलात तर एका बैठकीत सिमेंट भरून मोकळे. तिसऱ्यात रूट कॅनाल, म्हणजे सडलेली नस काढून, आतल्या नळ्या साफ करून भरायच्या. वर कॅप, कारण अशी दाढ पोकळ होते आणि सुपारीसारखी फुटते. खर्च कितीतरी पट वाढतो. "डॉक्टर लोक उगाच रूट कॅनाल सांगतात का?" अशीही चिठ्ठी आहे, बिननावाची, पण मी अक्षर ओळखलंय. काका, एक्स-रे समोर धरून मागा समजावून. न समजता खुर्चीत बसू नका, माझ्याही नाही. दुसरं मत घ्या. पैशाची अडचण असेल तर सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे. वेळ लागतो, रांग असते, पण काम शिक्षकांच्या देखरेखीखाली होतं.

काढूनच टाकली दाढ तर? चालतं कधी कधी, अक्कलदाढेला तर बऱ्याचदा तेच बरं. पण चावायची दाढ काढून जागा रिकामी ठेवली की शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि समोरची दाढ लांबते.

आयांसाठी एक गोष्ट सांगते आणि ही लक्षात ठेवा. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, गुपचूप येते. त्यामुळे घरात सगळे तिला दुधाचीच समजतात. दुसरीतल्या एका मुलाला घेऊन त्याची आई आली होती. "किडलीय, पण पडणारच आहे ना," म्हणाली. ती पडणारी नव्हती. त्याला ती सत्तरीपर्यंत वापरायची होती. मुलगा पाच-सहा वर्षांचा झाला की बॅटरी घेऊन मागे बघा, आणि मुलं सात-आठ वर्षांची होईपर्यंत ब्रशवर तुमचा हात असू द्या. पेस्ट फ्लोराइडची, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात ती पेस्ट खपायला. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरकडची काही कुटुंबं आहेत, त्यांच्या गावच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त असू शकतं. मुलं तिथे वाढत असतील तर आधी विचारून घ्या.

खाली क्रिकेट खेळणाऱ्या मुलांसाठीही सांगते. बॉल लागून पक्का दात मुळासकट बाहेर आला तर तो मुळाला हात न लावता, वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा. माती असेल तर दुधाने हलका धुवायचा, घासायचा नाही. जमलं तर लगेच त्याच खाचेत बसवायचा, नाहीतर थंड दुधात बुडवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पळायचं. दात रुमालात गुंडाळून दुसऱ्या दिवशी आणू नका. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही, पण मुलाला दाखवायचं.

घरगुती उपायांबद्दल सात चिठ्ठ्या आहेत. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा, जरूर करा. लवंगेचं तेल कापसावर थेंबभर, किडलेल्या दाढेत, तेही एक रात्र काढण्यापुरतं. हिरडीला चोळलंत तर पोळेल. अॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून ठेवू नका, गालाला पांढरी जखम होते. मी किती पाहिल्यात! आणि मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणून ठणका थांबला की "बरं झालं" म्हणू नका. नस मेली म्हणून थांबला तो.

ज्येष्ठांनो, कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा, हिरड्यांना विश्रांती लागते. गरम पाण्यात नको, आकार बिघडतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर दात काढण्यासाठी त्या मनाने बंद करू नका, मला सांगा, मी तुमच्या हार्टच्या डॉक्टरांशी बोलते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा, त्याचा दात काढल्यानंतर जबडा भरण्याशी संबंध आहे.

आता शेवटची चिठ्ठी. ही मी बाजूला काढून ठेवली होती. कॅलेंडरच्या कागदाच्या मागे लिहिलीय, नाव नाही. वाचते. "मी बरीच वर्षं मशेरी लावते. घरात माहीत नाही. गालात आतून पांढरं झालंय. दुखत नाही. दाखवायला पाहिजे का?"

पाहिजे. आणि का, ते मी माझ्या घरातलं सांगते.

माझी आत्या सातारकडची. सकाळी मशेरी लावल्याशिवाय तिचा दिवस सुरू व्हायचा नाही. माझ्या प्रॅक्टिसचं दुसरं वर्ष होतं. चुलतभावाच्या लग्नात, मांडवात, हातात अक्षता घेऊन ती मला म्हणाली, "अगं, गालात आतनं खरखरीत लागतंय." मी विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "नाही गं." आणि मी डॉक्टर झालेली मुलगी काय म्हणाले? "मग लग्न उरकलं की ये निवांत." ती आली आठ महिन्यांनी, दुखायला लागल्यावर. परळला टाटाला नेलं. जबड्याचा एक भाग काढावा लागला. त्यानंतर ती तीन वर्षं होती, पेजेवर आणि मऊ भातावर. तिने मला कधी बोल लावला नाही. तेव्हापासून कोणीही, कुठेही, "एक मिनिट बघता का" म्हटलं की मी बघते. लिफ्टमध्येसुद्धा बघते ते त्यामुळे.

मशेरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. दात घासायला लावतात म्हणून ती औषध होत नाही. दाताचा ठणका तेवढ्यापुरता बधिर होतो, म्हणून बायका सुरू करतात आणि मग सुटत नाही. पुरुषांनी हसू नये. २०१२ साली महाराष्ट्रात गुटखाबंदी आली, तरी आपल्या गेटबाहेर सकाळी पुड्या झाडाव्या लागतात. आणि "मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो" हेही नको. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवून टाकलेलं आहे. सुपारीने गाल आतून ताठ होतात, तोंड उघडेनासं होतं. घरी जाऊन आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर या. तिखट अचानक सोसेनासं झालं, पांढरा किंवा लाल चट्टा आला, गाठ लागली, तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तरी या. यातलं बरंचसं सुरुवातीला दुखत नाही.

ज्यांनी ही चिठ्ठी लिहिली, त्या इथे बसल्या असतील. पांढरं दिसणारं सगळंच वाईट निघतं असं नाही. पुष्कळदा मशेरी सुटली की चट्टा निवळतो. पण ते बघून, गरज वाटली तर चिमूटभर तुकडा तपासायला पाठवून ठरवायचं. जागा बधिर करून काढतात, काही दिवसांत रिपोर्ट येतो. क्लिनिक दहाला उघडतं, मी नवापासून आत असते. मागचं दार पंपरूमच्या बाजूला आहे, तिथून आलात तर वॉचमनलाही दिसत नाही. केसपेपरवर काय लिहायचं ते आपण दोघी ठरवू. घरी कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, तेही तुम्हीच ठरवा. उद्या येता आलं नाही तर परवा या, पण या आठवड्यात या.

बाकीच्या चिठ्ठ्या मी घरी नेते. ज्यांनी फ्लॅट नंबर लिहिलाय त्यांना उत्तर पोचवीन.