जुन्या फटफटीचे धुराडे



पत्रिकेवर आमचे नाव पाहून पुष्कळांनी असा तर्क केला असेल की, आज किमान वेतनावर नाहीतर कंत्राटी कामगारांवर काहीतरी ऐकावे लागणार. तसे असते तर आम्हांलाही सोपे गेले असते. ते भाषण आम्हांला पाठ आहे. परंतु नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर या रस्त्यावर गेली पंचवीस-तीस वर्षे आम्हांला लोक ओळखतात ते आमच्या भाषणांपेक्षा आमच्या गाडीमुळे. आणि त्या गाडीच्या बाबतीत आमच्या हातून एक अपराध घडलेला आहे. तो कबूल करता करता, जुन्या मोटारसायकलला नवा सायलेन्सर निवडावा कसा व बसवावा कसा, हे सांगावे असे ठरवून आम्ही आलो आहोत.

गाडी म्हणजे ३५० सीसीची बुलेट, १९७२ सालची. दुष्काळाच्या वर्षाची, आमच्याहून थोडी धाकटी. मद्रासमध्ये १९५५ साली एन्फिल्डची भारतीय कंपनी उभी राहिली, तिची ही लेक. आपल्या भाषेने या वाहनाला नाव दिले तेच मुळी धुराड्यावरून. सायकल आली तेव्हा तिला आपण सायकलच म्हटले. पण मोटारसायकल गावात शिरली तेव्हा तिच्या शेपटीतून जो आवाज निघाला तो पोरांनी उचलला आणि ती फटफटी झाली. तेव्हा आवाज हे या गाडीचे रूपच आहे, तो साफ मारून टाका असे म्हणणाऱ्यांतले आम्ही नव्हे. प्रश्न आहे तो किती आणि कोणाच्या कानाशी, एवढाच.

आता हा आवाज होतो कसा? गिरणीची पाळी सुटते तेव्हा गेटातून माणसे बाहेर पडतात ती धारेसारखी सलग नव्हे, लोंढ्याने. इंजिनातला जळका वायूही तसाच लोंढ्यालोंढ्याने निघतो. आमच्या गाडीचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर दर दोन फेऱ्यांना एक स्फोट या हिशेबाने सेकंदाला २५ लोंढे बाहेर पडतात. सायलेन्सर म्हणजे गेटाबाहेरचे आवार. लोंढा आधी मोकळ्या आवारात पसरावा, मग लहान दारातून दुसऱ्या आवारात जावा, आणि रस्त्यावर येईपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असावा. आत पत्र्याचे पडदे असतात, भोके पाडलेल्या नळ्या असतात. आपल्याकडचे मिस्त्री त्या सगळ्याला मिळून जाळी म्हणतात. ही जाळी काढून टाकली की उरते ती नुसती पुंगळी.

काही वर्षांपूर्वी आमच्या गाडीचा मूळ सायलेन्सर खालून कुजला. कुजतो तो बहुधा आतून, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पेट्रोल जळले की त्यातून पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोल जळाले तर जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने निघते. (लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात हे कोणाला सांगितले असते तर त्याने सायलेन्सरखाली घागर लावली असती.) गाडी लांब पळाली की नळी तापते आणि वाफ निघून जाते, घर ते बाजार, बाजार ते घर एवढीच चालली की तिचे पाणी होऊन तळाशी साचते आणि काजळीतल्या आंबट द्रव्यांशी मिळून पत्रा खाते. म्हणून चांगल्या सायलेन्सरला तळाशी एक बारीक भोक असते. ते गळतीचे समजून झाळून बंद करणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

नवा घ्यायला आम्ही एका दुकानात गेलो. दुकानाचे नाव सांगत नाही. त्याने आम्हांला फसविले नाही, आम्हीच फसायला गेलो होतो. भिंतीवर इंदोरी, पंजाब, शॉर्ट बॉटल, गोल्डस्टार अशी नाना नावांची धुराडी टांगलेली. आम्ही विचारले, "मूळ धर्तीचा आहे का?" दुकानदार म्हणाला, "आहे, पण साहेब, तुम्ही पुढारी माणूस. गाडी आली हे कळायला नको का?" बस्स, एवढ्यावर आम्ही विरघळलो. आयुष्यभर मालकांच्या गोड बोलण्यापासून कामगारांना सावध करीत आलो, आणि स्वतः एका वाक्यात विकले गेलो! जाळी नसलेली चकचकीत पुंगळी घेऊन आम्ही लातूरच्या रस्त्याला लागलो. चाकूरच्या अलीकडे शेतातली माणसे माना वळवून पाहत होती. गेट सभेला आम्ही पोचण्याआधी आमचा आवाज पोचू लागला. मालकाच्या माणसालाही तो तितकाच लवकर कळू लागला, हे मात्र ध्यानात यायला महिना गेला.

मग एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एका अर्जावर सही घ्यायला आम्ही लातुरातल्या एका कामगाराच्या घरी गेलो. गल्ली अरुंद, घरे पत्र्याची. गाडी उभी करून, सवयीप्रमाणे एकदा मूठ पिळून बंद केली. दार उघडले ते त्याच्या बायकोने. आत अंथरुणावर तो उठून बसलेला, डोळे लाल. रात्रपाळी करून आठला घरी आला होता. ती बाई म्हणाली, "दादा, तुमी आठ तासाच्या ड्युटीचं लई चांगलं बोलता. पन तुमची गाडी गल्लीत आली की ह्यांची झोप जाती, मागच्या घरातलं लेकरू रडत उठतं. चार तास तरी झोपू द्या की माणसाला."

आम्ही सही न घेताच परत फिरलो. गाडी ढकलत गल्लीबाहेर आणली.

वाटेवर अहमदपूरजवळ दुसरी शिक्षा मिळाली. इंजिन अतिशय तापले, मूठ सोडली की मागून फटाके फुटू लागले आणि बेंड पाईप निळा पडला. आम्हांला वाटे की धूर जायला वाट मोकळी केली म्हणजे इंजिन मोकळे धावणार. तसे नसते. लोंढा नळीच्या उघड्या तोंडाशी पोचला की तिथून एक ओढ उलटी मागे येते, आणि ती वेळेवर पोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून घेते व ताजे मिश्रण आत यायला मदत करते. नळीची लांबी आणि सायलेन्सरची पोकळी यांचा कारखान्याने बसविलेला हा मेळ आपण मोडला की खालच्या वेगातला जोर जातो. शिवाय धुराची वाट बदलली की कार्बुरेटरमधले पेट्रोल-हवेचे प्रमाणही बदलते; हवा जास्त, पेट्रोल कमी असे झाले की इंजिन तापते, प्लगचे टोक पांढरे पडते आणि शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. तेव्हा वेगळ्या धर्तीचा सायलेन्सर लावायचाच असेल तर त्याबरोबर मेन जेटही तपासावा लागतो. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या पोटात स्वतःचा प्राणवायू असतो, म्हणजे मिश्रण आणखी पातळ. आपल्या उसाचा हा पराक्रम जुन्या गाडीवाल्यांनी ध्यानात ठेवावा.

हे झाले चार स्ट्रोकच्या गाडीचे. ज्यांच्याकडे म्हैसूरची जावा, येझदी किंवा दूधवाल्यांची लाडकी राजदूत आहे, त्यांना तर अधिकच जपावे लागेल. दोन स्ट्रोकच्या इंजिनात धुराडे हा इंजिनाचाच अवयव असतो. धूर जायचे भोक उघडे असतानाच ताजे मिश्रण आत येते आणि त्यातले काही धुरामागे पळून जाते. ते परत आत ढकलायचे काम धुराड्यातून उलटणारा धक्का करतो. पूर्व जर्मनीत एमझेडच्या कारखान्यात वॉल्टर काडेन नावाच्या यंत्रज्ञाने नळीच्या पोटाचा आकार बदलून बदलून या धक्क्याला अशी शिस्त लावली की १९६१ मध्ये त्याच्या १२५ सीसीच्या शर्यतीच्या गाडीने २५ अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पळून गेला आणि ती विद्या जपानच्या सुझुकीच्या घरी पोचली; १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसीचे जगज्जेतेपद मिळविले. कारखान्याला कुलूप लावता येते, कारागिराच्या डोक्याला नाही. असो. जावेच्या एका सिलिंडरला धुराडी दोन असतात. दोन्ही एकाच धर्तीची हवीत, आणि जाळी फेकायची नसून अधूनमधून बाहेर काढून तिची काजळी साफ करायची असते. "गाडी ओढत नाही" म्हणून सायलेन्सर बदलणाऱ्या निम्म्या लोकांना नुसती ही सफाई पुरेल.

आता खरेदीला जाल तेव्हा काय पाहाल? प्रथम हातात उचलून वजन पाहा. पातळ पत्रा वर्षभरात फुटतो. मग एका टोकाला बॅटरी धरून दुसऱ्या टोकातून पाहा. पडद्यांच्या सायलेन्सरात आरपार उजेड दिसता कामा नये. काचेच्या लोकरीच्या धर्तीत उजेड दिसेल, पण नळीला चहूबाजूंनी भोके आणि भोकांमागे लोकर दिसली पाहिजे. ती लोकर काही काळाने जळून उडते आणि पुन्हा भरावी लागते, हेही विचारून घ्या. क्रोमच्या झळाळीवर जाऊ नका. आम्ही गेलो होतो.

बसविण्याची रीत अशी. सगळे नटबोल्ट आधी सैल लावावेत, नळी आपल्या जागी आपोआप बसते का ते पाहावे, आणि मग इंजिनाकडून मागे येत आवळावे. कानाची पट्टी जुळत नाही म्हणून पहारीने वाकवून बोल्ट घातला तर तो ताण कायम राहतो, आणि आपल्या रस्त्यांवर ती पट्टी महिन्यात तडकते. आवळण्यापूर्वी किक पूर्ण खाली मारून पाहावी, मधला स्टँड घालून-काढून पाहावा, आणि मागच्या चाकाचा आस सायलेन्सर न सोडता बाहेर येतो का तेही पाहावे. रात्री लोह्याच्या अलीकडे पंक्चर झाले की या शेवटच्या गोष्टीची किंमत कळते. मग गाडी मोकळ्यावर चालू करावी, बंद खोलीत कधीही नाही, कारण धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. मागच्या तोंडावर जाड फडके क्षणभर धरले की सांध्यातून गळती असेल तर तिथे फुसफुस ऐकू येते. मूठ सोडताना फुटणारे फटाके पुष्कळदा या गळतीतून आत ओढल्या गेलेल्या हवेचेच असतात. पन्नासएक किलोमीटर चालवून, गाडी गार झाल्यावर, पुन्हा एकदा सगळे आवळावे.

सांध्याला पूर्वी ॲस्बेस्टॉसचा दोर गुंडाळीत. कोठे कोठे तो अजून निघतो. तो सुका ओढून, फुंकर मारून काढू नका. त्याचे तंतू फुप्फुसात बसतात ते निघत नाहीत. या धंद्यातल्या कामगारांचे आरोग्य हा त्यांचा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. पण गॅरेजमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला ते कोण सांगणार? तेच पोर दिवसातून दहा पुंगळ्या बसवून, प्रत्येकीची मूठ पिळून गिऱ्हाइकाला आवाज ऐकवते. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि आवाजाने आलेले बहिरेपण कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेले आहे. गॅरेजमध्ये ना मर्यादा, ना नोंद. आपण पुंगळी मागतो तेव्हा त्या पोराच्या कानाची किंमत पावतीत धरलेली नसते.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १९८९ च्या केंद्रीय नियमांत प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर सक्तीचा आहे. आवाजाची मानके मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमाखाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने परवाना गेला. २०२१ च्या जुलैपासून पन्नास वर्षांवरील गाड्यांना 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, परंतु गाडी मूळ रूपात राखलेली हवी आणि ती रोजच्या वापराला चालत नाही. आमची रोज चालते, म्हणून तिची साधीच नोंदणी दर पाच वर्षांनी करून घेतो. पोलिसांनी अनेक शहरांत असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडलेले आपण पाहिले आहेत. आमचा त्यात नव्हता. तो आम्ही नांदेडला भंगारात, स्वतःच्या हाताने चेपून टाकला, म्हणजे दुसऱ्या कोणी उचलू नये.

मूळ धर्तीचा सायलेन्सर बसवून आम्ही त्या घरी पुन्हा गेलो, या वेळी संध्याकाळी. सही मिळाली. तरी या लातुरात, जिथे गल्लोगल्ली खोल्या घेऊन बाहेरगावची मुले रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत बसलेली असतात, आम्ही अंधार पडल्यावर गोलाईच्या पुढे मूठ फारशी पिळत नाही.

गाडी बाहेर लिंबाखाली उभी आहे. ज्यांना सांधा, पट्टी आणि तळाचे भोक पाहायचे असेल त्यांनी आताच पाहून घ्यावे. एकदा चालू करून दाखविली की अर्धा तास बेंड पाईपला कोणी हात लावू नये.