परमुलुखातील सण आणि शेजाऱ्याचे ताट
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



 देवमंदिराची इमारत कशी उभी राहिली हे सांगणारे अधिकारी पुरुष येथे बसले आहेत. म्हणून त्या इमारतीत जमणाऱ्या माणसांच्या चुलीविषयी व सणांविषयी बोलावे, असे आम्ही योजिले आहे. विषय घरगुती वाटेल; परंतु त्याच्या पोटी श्रद्धेचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे.

अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कॅथॉलिक कुटुंबे थोडी. आपल्यापैकी कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, कोणी मंगळूरचे, तर कोणी नगर जिल्ह्यातील. काडेपेट्यांच्या, दारूगोळ्याच्या, कृत्रिम रेशमी धाग्याच्या कारखान्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांस येथे बोलाविले, आणि आगगाडीने आणून सोडिले. वसई ते बदलापूर हे अंतर कोसांनी मोजिले तर फार नव्हे; परंतु सणाच्या दिवशी ते फार वाटते. वसईकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा येतो, तेव्हा नव्या भाताची कणसे वाजतगाजत देवळात नेऊन आशीर्वादित करितात. मंगळूरकर ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्मदिनी, नवे दाणे दुधात किंवा नारळाच्या रसात कालवून घरातील सर्वांस वाटतात, व त्या दिवशीचे जेवण शाकाहारी ठेवितात. आता दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, जेथे अंगण नाही व शेत नाही, तेथे कणीस आणावे कोठून?

बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्या यहुदी लोकांसही हेच दुःख होते. परक्या भूमीवर परमेश्वराचे गीत कसे गावे, असे ते विचारीत. त्यांस यिर्मया संदेष्ट्याने जे पत्र धाडिले त्याचा आशय असा की, तेथेच घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा, आणि ज्या नगरात तुम्हांस नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आपल्या धर्मग्रामाने इतकी वर्षे हेच केले, अशी आमची समजूत आहे.

आपल्याहून कितीतरी मोठा वियोग सोसलेले लोक आपल्या शेजारीच राहतात. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पाच्या बराकींत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेली हजारो माणसे उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. आपण सुटीत गावी जाऊन येतो. त्यांस जावयास गाव उरले नव्हते. तथापि त्यांनी आपला सण टाकिला नाही. चैत्र शुद्ध द्वितीयेस चेटीचंड आला की झुलेलालाच्या नावाने ज्योत, खडीसाखर, वेलदोडे व फळे यांनी सजविलेला बहराणा मिरवणुकीने पाण्याकडे नेतात, आणि घरोघरी ताहिरी, म्हणजे गोड पिवळा भात, रांधितात. सिंधू नदी मागे राहिली. उल्हास नदी पुढे आली.

त्यांच्या ताटाशी आमचा परिचय हळूहळू झाला. सिंधी कढी म्हणून जी वाटी पुढे येते तीत ताक नसते. बेसन तेलात खमंग भाजून, चिंचेच्या कोळात शेवग्याच्या शेंगा, भेंडी, बटाटे शिजविलेले असतात. ताकाच्या कढीची वाट पाहणारी जीभ प्रथम गोंधळते व मग पुन्हा मागते. पालक, शेपू, आंबटचुका व हरभऱ्याची डाळ एकत्र घोटून केलेली साईभाजी तशीच. श्रावण वद्य सप्तमीस थदडी असते. त्या दिवशी चूल पेटवीत नाहीत, आदल्या दिवशी केलेली गोड लोली दह्याबरोबर थंडच खातात. आपल्या मराठी शेजारणी शिळासप्तमी पाळतात, तिचीच ही बहीण.

अंबरनाथचे शिवमंदिर तर सर्वांहून जुने. शिलाहार राजा मम्वाणी याच्या कारकिर्दीत, शके ९८२ मध्ये, म्हणजे १०६० साली, ते पूर्ण झाल्याचे शिलालेख सांगतो. वालधुनीच्या काठी महाशिवरात्रीस तेथे मोठी जत्रा भरते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपला पुनरुत्थानाचा सण पौर्णिमेवरून ठरतो, व शिवरात्र अमावास्येच्या आदल्या सुमारास येते. त्यामुळे ज्या वर्षी दोन्ही पंचांगे एकाच चांद्रमासावर जुळतात, त्या वर्षी राखेचा बुधवार शिवरात्रीच्या पाठोपाठ येतो. २०२२ साली १ मार्चला महाशिवरात्र होती, आणि २ मार्चला आपण कपाळी राख घेतली. शेजारी उपवासास साबुदाण्याची खिचडी व वऱ्याचे तांदूळ करितात, आणि दुसऱ्या दिवशी आपण मांस वर्ज्य करितो. देहास आवरून देवाकडे वळावे ही तहान दोन्ही घरी आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. शेजारीण प्रेमाने वाटी घेऊन दारी उभी राहते, तेव्हा ख्रिस्ती माणसाने ती घ्यावी की नाही? आपल्यापैकी कित्येकांच्या घरी यावरून मतभेद झाले आहेत. वृद्धांस भीती वाटते की श्रद्धा पातळ होईल. तरुणांस लाज वाटते की शेजारधर्म मोडेल. दोघांचेही म्हणणे पोकळ नाही. संत पौलापुढे करिंथ शहरात हाच प्रश्न होता. त्याच्या उत्तराचे सार असे : मूर्ती ही काहीच नव्हे, म्हणून अन्न स्वतः विटाळलेले नसते, कोणी जेवावयास बोलाविले तर फार चौकशी न करिता जेवावे, परंतु हे नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितले, तर त्याच्या सदसद्विवेकासाठी ते वर्जावे, आणि दुर्बळ बंधूस आपल्या खाण्याने ठेच लागू देऊ नये. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेत इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे सांगितले. परंतु ख्रिस्ताची घोषणा अखंड करीत राहण्याचे कर्तव्यही तेथेच सांगितले.

यावरून आम्हांस असे दिसते की, सणाचे जेवण निराळे व पूजेतील सहभाग निराळा. पहिले आनंदाने घ्यावे. दुसऱ्यापासून नम्रपणे दूर राहावे. मन साशंक असेल तर धर्मगुरूंस विचारावे; मात्र नकार द्यावयाचाच झाला तर हात जोडून द्यावा, नाक मुरडून देऊ नये.

आणि पौलाचा हा नियम उलट्या बाजूनेही लागू पडतो, याचा विसर पडतो. आपल्या नाताळच्या ताटाने शेजाऱ्याच्या मनास ठेच लागू नये, हेही त्यातच आले. ज्या घरी अंडे चालत नाही तेथे अंडे न घालता केलेली कुलकुले व खोबऱ्याच्या नेवऱ्या वेगळ्या डब्यातून धाडाव्या. नेवरी म्हणजे तरी काय? शेजारणीची करंजीच. आणि ज्यास आपण अस्सल आपले म्हणतो ते विंदालू पोर्तुगिजांच्या द्राक्षासव व लसूण घातलेल्या पदार्थाचे या मातीतले रूप आहे. आपले ताट आधीच अनेक घरच्या उसनवारीने भरलेले आहे. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स यांनीही येथील भाषा उसनी घेतली, आणि १६१६ साली तीच भाषा ख्रिस्तपुराणाच्या रूपाने भरभरून परत केली.

शेवटी एक सूचना करितो. बदलापूरच्या आसपासच्या गावांत अजून भात पिकते. तेथील शेतकरी बांधवांकडून दरवर्षी नव्या कणसांचा एक भारा मोल देऊन आणावा, वेदीपुढे आशीर्वादित करावा, आणि प्रत्येक कुटुंबास एकेक कणीस द्यावे. वसईकर त्यास आगेरा म्हणोत, मंगळूरकर मोंती फेस्त म्हणोत; बिऱ्हाडात जन्मलेल्या मुलांस निदान भात झाडावर लागत नाही एवढे तरी कळेल, आणि ज्या भूमीचे अन्न आपण खातो तिच्याबद्दल देवाचे आभार तिच्याच पिकाने मानिले जातील. तसेच त्या दिवशीच्या गोडाची एक वाटी भिंतीपलीकडच्या घरी जावी.

अम्माऊसच्या वाटेवर शिष्यांनी एका परक्या वाटसरूस आग्रहाने घरी ठेवून घेतले, आणि भाकरी मोडताच त्यांस प्रभूची ओळख पटली. या तीन नगरांत आपण कधी तो परका वाटसरू असतो, कधी तो घरधनी. दोन्ही प्रसंगी प्रभू आपल्या मेजावर उपस्थित असो, आणि पवित्र मरिया, आपली माता, या धर्मग्रामावर व त्याच्या सर्व शेजाऱ्यांवर आपले कृपाछत्र ठेवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.